एकोणचाळीस अंकांची भिंत

बारामती एमआयडीसीत माझी शेड आहे. माझी म्हणजे कागदोपत्री माझी, भाड्याची नव्हे. वरचा पत्रा माझा, खालचा कोबा माझा, आतली मशिनं माझी आणि रस्त्याकडची लांबलचक भिंतही माझी. पण त्या भिंतीवर माझं नाव नाही. तिथं हे आहे:

१७०१४११८३४६०४
६९२३१७३१६८७३०
३७१५८८४१०५७२७

हे तीन आकडे नव्हेत. हा एकच आकडा आहे, एकोणचाळीस अंकांचा. एका ओळीत मावला नाही म्हणून तेरा-तेराच्या तीन ओळी केल्या आहेत. एका ट्रकवाल्यानं यातले पहिले दहा अंक फोनवर दाबून बघितले होते आणि आत येऊन मलाच विचारलं होतं, "मालक, नंबर लागत न्हाय, रिचार्ज संपला काय?" एक जण बरेच दिवस समोर उभा राहून आकडे टिपून घ्यायचा. मटक्याचा शौकीन होता. त्याला मी पान्हा घेऊन रस्त्यापर्यंत पळवत नेला.

मी गिअर कापतो. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावातून निघालो तेव्हा अंगावरच्या कपड्यांशिवाय काही नव्हतं. लोणी देवकरला एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो, तिथं लेथ शिकलो, मग मिलिंग शिकलो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भाव करायला शिकलो. समोरच्यानं सांगितलेल्या भावात आजवर काही विकत घेतलं नाही आणि त्यानं मागितलेल्या भावात काही दिलं नाही. असा माणूस स्वतःच्या भिंतीवर स्वतःचं नाव लिहू शकत नाही, हे मला रोज सकाळी शटर उघडताना टोचतं. याला कारण आमचे सर.

सरांनी मला कधी शिकवलं नाही. ते शेडचे आधीचे मालक. इंदापुरात कॉलेजला गणित शिकवून निवृत्त झालेले, राहायला कन्हेरीत. सगळी एमआयडीसी त्यांना सर म्हणायची म्हणून मीही म्हणायला लागलो. शेड त्यांच्या थोरल्या भावानं बांधली होती. भाऊ गेला आणि ती यांच्या गळ्यात पडली. धंदा करायचा नव्हता, म्हणून भाड्यानं द्यायची ठरवली. मी बघायला गेलो तेव्हा सगळं जमलं. शेवटी सर म्हणाले, "शेड देतो. भिंत न्हाई."

"भिंत न्हाई म्हंजे? छप्पर काय हवेत टांगू?"

"छप्पर टेका की. बाहेरच्या अंगाला माझा आकडा लिवलाय, त्याला हात लावायचा न्हाई. खिळा न्हाई, बोर्ड न्हाई, जाहिरात न्हाई."

मला वाटलं, सुरुवातीला सगळे असंच म्हणतात. चार महिन्यांत भिंत काढून घेऊ. मी सही केली.

सर बोलायचे त्याची एक गंमत होती. गणित असलं की पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायचे आणि बाकी सगळं कन्हेरीचं. "ही मूळ संख्या आहे. एक आणि स्वतः यांखेरीज तिला दुसरा विभाजक नाही," असं वर्गात सांगितल्यासारखं सांगायचे आणि पुढच्याच वाक्याला, "च्या सांगा की वं, घसा वाळला." मूळ संख्या हा शब्द आमच्या पोरांच्या तोंडी बसला नाही. त्यांनी त्याचं सोपं केलं, फुटणारा आकडा आणि न फुटणारा आकडा. सरांनी तेही मान्य केलं.

शिफ्ट सुटली की फाटकापाशी मोटारसायकली थांबायच्या. चहाच्या टपरीवर सर बसलेले असायचे. पोरं गाडीवरूनच ओरडायची, "सर, माझी फुटती का?" सर नंबर प्लेटकडे बघायचे, डोळे बारीक करायचे आणि निकाल द्यायचे. "तेरानं फुटली." पोरगं खट्टू. "न्हाई फुटत." पोरगं हॉर्न वाजवत जायचं. एका ठेकेदारानं हौसेनं आणि वजन वापरून १००१ नंबर घेतला होता. नवी कोरी गाडी मुद्दाम टपरीसमोर लावून म्हणाला, "सर, आता बोला." सर म्हणाले, "सातानं फुटली." ठेकेदाराचं तोंड उतरलं. सर म्हणाले, "अकरानं बी फुटली." मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "तेरानं बी." तो ठेकेदार नंतर टपरीच्या मागच्या रस्त्यानं जायला लागला.

माझ्या जुन्या गाडीचा नंबर १००९ होता. तो फुटत नाही. मी गाडी विकायला काढली तेव्हा गिऱ्हाइकाला हे सांगितलं आणि वरकड भाव घेतला. सरांना कळल्यावर ते माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. आठवड्यानं आले ते तणतणतच. "आकडा फुटत न्हाई म्हणून इंजिन चांगलं असतंय व्हय? तुमाला कशाचाबी बाजार मांडता येतो."

"मांडता येतो म्हणून पोट भरतंय, सर."

"ते बी खरंय," ते म्हणाले आणि चहा मागितला.

रोज सकाळी ते कन्हेरीहून लुनावर यायचे. लुना रस्त्यापलीकडे लावून भिंतीसमोर उभे राहायचे आणि ओठ हलवत सगळ्या अंकांची बेरीज करायचे. एकशे चौपन्न आली की आत. मी एकदा चिडून म्हणालो, "भिंतीवरचा आकडा हाय, सर, शेळी न्हाई. कोण पळवणार हाय?" तर म्हणाले, "बघितलेलं बरं."

आणि एका दिवाळीला ते बघितलेलं खरंच बरं ठरलं. पावसानं आकडे धुपले होते म्हणून सरांनी पेंटर लावला. पेंटर चांगला होता, गावोगावच्या कमानी रंगवणारा. पण दुसऱ्या ओळीतल्या एका १ ला त्यानं हौसेनं अशी गाठ आणि शेपटी काढली की त्याचा नऊ झाला. आपल्या मराठी आकड्यांत एक आणि नऊ सख्खे भाऊ, हात जरा वळला की झालं. सरांनी बेरीज केली, एकशे बासष्ट. पुन्हा केली, पुन्हा एकशे बासष्ट. मी आतून त्यांचा आवाज ऐकला आणि कुणाला तरी शॉक लागला असं समजून बाहेर पळालो.

"नवानं फुटला!" सर पेंटरच्या शिडीला धरून ओरडत होते. "अहो, नवानं फुटला!"

पेंटर वरून म्हणाला, "कुठं फुटला? काल तर प्लास्टर बघितलं मी."

"प्लास्टर न्हाई, आकडा! अंकांच्या बेरजेला नवाने भाग गेला तर संख्येला नवाने भाग जातो. चौथीच्या पोराला बी फोडता येईल आता!"

"मग फोडू द्या की. सर, एका शेपटीनं एवढं काय हुतंय?"

सर खाली बसले. दुसरा कुणी घर जळाल्यावर जसा बसेल तसे. मला त्या क्षणी हसू आलं होतं, पण मी हसलो नाही. मी पेंटरला म्हणालो, "शेपटी काढ. आत्ताच्या आत्ता. न्हाईतर शिडी काढून घेतो." पेंटरनं शेपटी पुसली. सरांनी पुन्हा बेरीज केली आणि मगच ते उठले.

त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा तो आकडा समजावून सांगितला. मी दहावीला गणितात काठावर निघालेला माणूस, पण हे मला कळलं, म्हणून तुम्हालाही कळेल. दोन घ्या. दोन ही न फुटणारी संख्या. आता दोनाला दोनदा मांडून गुणा, चार. एक काढा, तीन. तीन फुटत नाही. मग दोन तीनदा मांडून गुणा, आठ. एक काढा, सात. फुटत नाही. दोन सातदा मांडून गुणा, एकशे अठ्ठावीस. एक काढा, एकशे सत्तावीस. तीही फुटत नाही. आणि दोन एकशे सत्तावीस वेळा मांडून गुणा, एक काढा, की आमची भिंत. तीही फुटत नाही. खालचे सगळे आकडे घेऊन एकेक भाग घालून बघायचं म्हटलं तर साऱ्या बारामतीची आयुष्यं पुरणार नाहीत. पण शंभराहून जास्त वर्षांमागं एका माणसानं यंत्राशिवाय, नुसत्या डोक्यानं आणि हातानं सिद्ध केलं की हा फुटत नाही. भाग न घालताच.

"आन् याच्या पुढचा?" मी विचारलं. "ही भिंत जेवढी तेवढ्या वेळा दोन मांडले तर?"

सरांचा चेहरा असा फुलला की मला विचारल्याचा पश्चात्ताप झाला. आता तासभर सुटका नाही. पण ते एवढंच म्हणाले, "ते कोणालाच माहीत नाही. ती संख्या लिहायला जगात भिंत न्हाई."

मी म्हणालो, "मग ह्या भिंतीचं बघू. अर्धी द्या. वरची ओळ तुमची, खालच्या दोन ओळींत माझा बोर्ड."

"अर्धा आकडा म्हंजे काय वं? अर्धा माणूस असतोय का?"

भिंतीसाठी मी काय काय केलं नाही. भाडं वाढवून देऊ केलं. कन्हेरीच्या त्यांच्या घराला बाहेरून रंग लावून देतो म्हणालो, त्या भिंतीवर पाहिजे तो आकडा लिहा. रस्त्याला उभा लोखंडी बोर्ड केला, तर रस्ता रुंदीकरणात तो गेला. समोरच्या ओळीत एक नवा गिअरवाला आला, त्यानं हत्तीएवढा बोर्ड लावला. भिगवणहून माझ्याकडं निघालेलं गिऱ्हाईक तो बोर्ड बघून त्याच्याकडं शिरलं आणि काम देऊन मोकळं झालं. मी सरांच्या घरी जाऊन अंगणात उभा राहून ओरडलो. शेजारीपाजारी गोळा झाले. सर ओसरीवर बसून ऐकत होते. मी दमल्यावर म्हणाले, "पाणी घ्या." मी पाणी न पिता आलो.

मग ते एकशे सत्तावीस दात्यांचं काम आलं.

लोणी देवकरच्या एका कारखान्यात जुना लेथ होता, इंचाच्या मापाचा. त्यावर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर एकशे सत्तावीस दात्यांचं चाक लागतं, दुसरं चालत नाही. त्यांचं चाक तुटलं होतं. तिथला फोरमन मला हेल्पर असल्यापासून ओळखत होता. समोरच्या हत्तीएवढ्या बोर्डवाल्यानं, आमच्या हत्तीवाल्यानं, ते काम परत पाठवलं होतं. म्हणून मी ते घेतलं.

गिअर कापताना गोल चकतीचे सारखे भाग पाडावे लागतात. त्यासाठी हँडल फिरवायचं एक यंत्र असतं आणि भोकं पाडलेली थाळी असते. साठ दाते म्हणा, शंभर म्हणा, थाळीवर बसतात. एकशे सत्तावीस बसत नाहीत, कारण त्याला कशानंच भाग जात नाही. सरांना कुणीतरी सांगितलं, ते धावतच आत आले. मशिनजवळ मी कुणाला येऊ देत नाही, त्यांना स्टूल दिलं.

"अहो, ही तर भिंतीची आई," ते म्हणाले. "हिला कसं भागणार तुमी?"

"भागणार न्हाई. फसवणार." मी दाखवलं. "आधी एकशे वीस धरतो. एकशे वीस थाळीवर बसतात. पण तेवढं फिरवलं तर दरवेळी जरा जास्त फिरतंय. मग मागनं चाकं जोडतो, म्हंजे मी हँडल पुढं फिरवतो तेवढ्यात थाळी आपोआप थोडी मागं सरकती. जास्त झालेलं तिथल्या तिथं कमी हुतंय."

सरांनी थाळीवर बोट ठेवलं, मी हँडल फिरवलं, आणि त्यांच्या बोटाखाली थाळी हलकेच उलटी सरकली. त्यांनी बोट काढलं नाही. सबंध चाक होईपर्यंत ते तसेच बसले होते, प्रत्येक वेळी बोट ठेवून. जेवायला उठले नाहीत. मलाही उठता आलं नाही.

"म्हंजे खोट्या संख्येनं सुरुवात करता," ते शेवटी म्हणाले, "आन् चूक सगळ्या दात्यांत वाटून टाकता. संख्या भागली जात नाही. चूक भागली जाते." मग खडू घेऊन ते दाते मोजायला बसले. मोजून झाल्यावर चाक मांडीवर घेऊन म्हणाले, "चाळीस वर्षं मूळ संख्या शिकवल्या. हाताला आज लागली."

मी संधी ओळखणारा माणूस आहे. म्हणालो, "सर, खूश झालात ना? आता भिंतीचं बोला. काय घेता?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. एखाद्या पोराची बेरीज पुन्हा चुकली की मास्तर बघतात तसं.

"इतकी वर्षं झाली," ते म्हणाले, "तुमी भिंत मागितली कधी?"

"दर महिन्याला मागतोय की!"

"न्हाई. दर महिन्याला तुमी ती विकत घ्यायला येता. मागितली कधीच न्हाई."

माझं टाळकं फिरलं. मी कुणाकडं मागत नाही. आमच्या घरात मागून आणलेल्या पिठाची भाकरी मी खाल्लेली आहे, तिची चव मला माहीत आहे. त्या दिवसापासून ठरवलं होतं की जे पाहिजे ते विकत घेईन, घासाघीस करून, समोरच्याच्या डोळ्यात डोळा घालून, पण हात पुढं करणार नाही. हे मी सरांना सांगितलं नाही. मी एवढंच म्हणालो, "मग ऱ्हाऊ द्या तुमची भिंत तुमच्यापाशी."

"ऱ्हाऊ द्या," सर म्हणाले.

पुढं त्यांचे डोळे गेले. एकदम नव्हे, हळूहळू. आधी टपरीवरच्या नंबर प्लेटी दिसेनात. पोरं गाडीवरून नंबर ओरडून सांगायला लागली आणि सर ऐकून निकाल द्यायचे. मग भिंत दिसेना. तरी ते पुतण्याच्या गाडीवर मागं बसून यायचे, भिंतीसमोर उभे राहायचे आणि मला विचारायचे, "काय आली?" मी भिंतीकडं न बघता म्हणायचो, "एकशे चौपन्न." ते म्हणायचे, "करून सांगा." मग मी कामाच्या वेळेला रस्त्यावर उभं राहून बेरीज करायचो. समोरचा हत्तीवाला बघून हसायचा.

येणं बंद झाल्यावर त्यांनी शेड विकायला काढली आणि पहिलं मला विचारलं. व्यवहार घरच्या ओसरीवर झाला. मी घासाघीस केली, त्यांनीही केली, आणि चांगली केली, मला त्यांचं कौतुक वाटलं. एमआयडीसीच्या ऑफिसात हस्तांतराचे कागद झाले. त्यात शेड सगळी होती, चारी भिंतींसकट. सही करताना मी मुद्दाम म्हणालो, "सर, भिंत बी आली बरं का ह्यात."

"कागदात आली," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी पेंटर बोलावला. तोच शेपटीवाला. त्यानं शिडी लावली, चुन्याची बादली वर टांगली आणि खाली बघून विचारलं, "मालक, मारू का?"

मी म्हणालो, "मार." मग म्हणालो, "थांब." मग त्याला थांब का म्हणालो म्हणून स्वतःवरच चिडलो, त्याच्यावर ओरडलो, आणि गाडी काढून कन्हेरीला गेलो.

सर ओसरीवर होते. आवाजावरून ओळखलं. मी बसलो नाही. उभ्या उभ्या म्हणालो, "सर, भिंत द्या."

माझी स्वतःची भिंत. मी मागितली.

सर म्हणाले, "न्हाई."

"न्हाई? सर, कागद माझ्याकडं हायत!"

"मग कागदाला विचारा की. मला कशाला विचारता?"

मी तसाच परत आलो. पेंटर शिडीवर बिडी ओढत बसला होता. त्याला खाली उतरवलं. विकत घेणाऱ्याला कुणी नाही म्हणालं तर तो भाव वाढवतो. मागणाऱ्याला नाही म्हटल्यावर काय करायचं असतं, हे मला माहीतच नव्हतं. मग मी तेच केलं जे येतं. पुन्हा गेलो. गुरुवारी बाजार असतो, आमच्याकडं काम ढिलं असतं. दर गुरुवारी मी कन्हेरीला जायला लागलो. जायचं, चहा प्यायचा, शिफ्टला कुणी नवी गाडी आणली असली तर नंबर सांगायचा, उठताना भिंत मागायची. ते म्हणायचे, "न्हाई." सरांची सूनबाई आतून हसायची. एका गुरुवारी मला जायला जमलं नाही, तर पुतण्याचा फोन आला, "काका इचारत्यात, आज मागायला कोण आलं न्हाय व्हय?"

शेवटी शेवटी ते अंथरुणावरच असायचे. त्या गुरुवारी चहाही घेतला नाही. मी उठताना नेहमीसारखं म्हणालो, "सर, भिंत द्या."

ते म्हणाले, "किती द्याल?"

आयुष्यभर मला कुणी हे विचारलं की उत्तर जिभेवर तयार असायचं, समोरच्याच्या मनातल्या आकड्याच्या निम्म्यावर. त्या दिवशी काहीच आलं नाही. मी शोधत राहिलो. ते वाट बघत होते, डोळे मिटून.

"सर," मी म्हणालो, "द्यायला काय न्हाई. मागायलाच आलोय."

"हां," ते म्हणाले. "आता बराबर मागितली."

मी थांबलो. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला.

"न्हाई देत," म्हणाले, आणि इतके हसले की ठसका लागला, सूनबाई पाणी घेऊन धावत आली, आणि पाठीवर हात फिरवताना मलाच रागावली, "तुमी बी किती हसवता वं त्यास्नी."

पुढच्या गुरुवारच्या आत ते गेले.

लोक अजून विचारतात, आता काय अडचण आहे, मालक तुम्ही, लावा की बोर्ड. समोरचा हत्तीवाला सगळ्यात जास्त विचारतो. मी त्यांना उडवून लावतो. माझा राग गेलेला नाही, जाणारही नाही. भिंत माझी, चुना माझा, शिडी माझी. परवानगी तेवढी म्हातारा सोबत घेऊन गेला.